विषयासाठी काढलेली छायाचित्रे

सोमवारी सकाळी विषय जाहीर होतो. 'प्रतीक्षा', 'एकटेपणा', 'परावर्तन', 'हात', 'सुरकुत्या', 'लाल रंग' अशी एखादी संज्ञा असते, आणि रविवारपर्यंत प्रत्येकाने आपल्या रोजच्या जगण्यातून तिला साजेसे एक छायाचित्र टिपून आणायचे असते. वर्षाचे आठवडे बावन्न, म्हणून छायाचित्रेही बावन्न. छंदिष्टांच्या कॅमेरा क्लबांतून हा खेळ जुनाच आहे. २००४ साली 'फ्लिकर' आणि २०१० साली 'इन्स्टाग्राम' आल्यावर तो घरोघरी गेला, आणि आता तर आमच्या भाषा-विभागांतून 'सर्जनशीलता विकास' अशा भारदस्त नावाखाली तो अभ्यासपूरक उपक्रम म्हणून नांदू लागला आहे. त्याच्या बाजूने केला जाणारा युक्तिवाद ठरलेला आहे : विषयामुळे माणूस बघायला शिकतो, नेहमीच्या गोष्टींकडे नव्याने पाहू लागतो, सामान्यातले असामान्य त्याला दिसू लागते.

आम्हांला हा युक्तिवाद मान्य नाही. आमच्या मते या खेळात माणूस बघणे शिकत नाही, शोधणे शिकतो, आणि तेही आधीच ठाऊक असलेली वस्तू शोधणे. हे आम्ही बाहेरून बोलत नाही. असा उपक्रम आम्ही चालवला आहे, त्याचे परीक्षण केले आहे आणि परीक्षक म्हणून एक चूकही केली आहे. तिच्याकडे पुढे येऊच.

'प्रतीक्षा' हा विषय दिल्यावर काय येते, हे ज्याने एकदा असा उपक्रम पाहिला आहे त्याला सांगायला नको. एस.टी. स्टँडवरचा रिकामा बाक येतो. खिडकीच्या गजांमागची म्हातारी येते. दूरवर एकमेकांत मिसळत जाणारे रूळ येतात. 'एकटेपणा' म्हटले की समुद्रकिनाऱ्यावरची एकच चप्पल. 'परावर्तन' म्हटले की पावसाच्या डबक्यातली उलटी इमारत. आणि विषय 'सुरकुत्या' असेल, तर त्या आठवड्यात मंडईतल्या म्हाताऱ्यांची खैर नसते! ही छायाचित्रे वाईट नसतात. पुष्कळदा ती देखणी असतात, चौकट नेमकी असते, प्रकाश सांभाळलेला असतो. परंतु त्यांतले एकही छायाचित्र पाहणाऱ्याला अशी कोणतीही गोष्ट सांगत नाही, जी ती संज्ञा ऐकताच त्याच्या मनात आधीच उभी राहिली नव्हती. संज्ञा आधी आली आणि छायाचित्र तिचे सचित्र स्पष्टीकरण होऊन मागाहून आले. बालभारतीच्या पुस्तकात शब्दाशेजारी चित्र असते, त्यातलाच हा प्रकार.

साहित्याच्या शिक्षकाला हा रोग ओळखीचा वाटावा. 'पावसाळ्यातील एक दिवस' या निबंधात किती पिढ्यांनी काळे ढग दाटून आणले आणि मातीचा सुगंध दरवळवला, याची मोजदाद नाही. गावात तीन वर्षे पाऊस नसलेल्या मुलानेही तो दरवळवला, कारण गुण दरवळण्याला होते. विषयाच्या शीर्षकातच उत्तर दडलेले असते आणि विद्यार्थ्याने ते फक्त उलगडून दाखवायचे असते. निबंधाच्या वहीला आपण निदान नावे तरी ठेवतो. तोच साचा मोबाइलच्या पडद्यावर आला की त्याला 'दृष्टी' म्हणतो.

येथे एक गैरसमज आधीच दूर करायला हवा. प्रतिभेला बंधन सोसत नाही, विषय दिला की उत्स्फूर्तता मरते, असा सोज्वळ रोमँटिक आक्षेप आम्ही घेत नाही. ज्यांना विषय दिलेला नसतो त्यांचे कॅमेरे वाढदिवस, बारसे आणि महाबळेश्वरचे पॉइंट यांपलीकडे फारसे जात नाहीत, हेही आम्ही पाहिले आहे. शिवाय आपल्याकडे समस्यापूर्तीची परंपरा आहे, आणि तिला हलक्यात काढण्याचे काही कारण नाही. भोज-कालिदासांच्या आख्यायिकांत एक समस्या अशी येते, की दिलेल्या चरणात अर्थाचा शब्दच नाही. नुसता 'ठं ठं' असा नाद आहे. कवीने उरलेले चरण रचले ते असे, की राज्याभिषेकाच्या धांदलीत एका तरुणीच्या हातून सोन्याची घागर निसटते आणि पायऱ्यांवरून गडगडत खाली जाते, तिचा हा आवाज. यात काय घडले ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. विषय देणाऱ्याने अर्थ दिला नाही, अडचण दिली. त्या निरर्थक आवाजाला जगात जागा कुठे, हे शोधण्यासाठी कवीला सोहळ्याच्या सिंहासनाकडून जिन्याकडे वळावे लागले. 'अभिषेकसमयीचा आनंद' असा विषय मिळाला असता, तर घागर सापडली नसती.

म्हणजे बंधन हा दोष नव्हे. बंधन अमूर्त भाववाचक नामाचे आहे, हा दोष आहे. 'प्रतीक्षा' हे उत्तर आहे. उत्तर हातात देऊन कोणालाही बघायला पाठवता येत नाही.

मराठीत रोजच्या जगण्याचा असा ठरीव शोध यापूर्वीही एकदा घेतला गेला आहे, आणि त्याचे पुढे काय झाले हे साहित्याच्या विद्यार्थ्याने पाठ केलेले असते. मात्र त्याचा संबंध तो आपल्या खिशातल्या मोबाइलशी लावत नाही. फडक्यांच्या 'गुजगोष्टी' १९३३ साली आल्या. फडके, खांडेकर, काणेकर या त्रयीने लघुनिबंध मराठीत रुजवला. हरवलेली छत्री, जुना कोट, सकाळचा चहा अशा क्षुल्लक वस्तूवरून सुरुवात करायची, खेळकरपणे दोनचार वळणे घ्यायची आणि शेवटी आयुष्याविषयीच्या एका हलक्याशा तात्पर्यावर उतरायचे, अशी ही रीत. सुरुवातीला ती ताजी होती, यात शंका नाही. मराठी गद्याला तिने मोकळे केले, व्याख्यानाच्या व्यासपीठावरून खाली उतरवले. पण थोड्याच वर्षांत वाचकाला छत्री दिसताच तात्पर्य दिसू लागले. वस्तू निमित्तमात्र होती. निबंधकाराला छत्रीत रस नव्हता, छत्रीवरून जिथे पोचायचे तिथे रस होता. म्हणूनच ती छत्री कुणाची, काड्या किती मोडलेल्या, दुरुस्तीला किती पैसे पडले, हे कुणी विचारले नाही.

कोंडी फुटली ती विषय सोडल्याने नव्हे, विषय निराळ्या जागेवरून आल्याने. इरावती कर्व्यांचे 'परिपूर्ती' १९४९चे, दुर्गाबाईंचे 'ऋतुचक्र' १९५६चे. 'ऋतुचक्रा'ची रचना तर आमच्या प्रतिपक्षाला आयती मदत करणारी आहे : बारा महिने, महिन्यागणिक विषय ठरलेला! मग फरक कुठे? फरक असा की चैत्र ही संज्ञा नव्हे. चैत्रात काय सापडेल हे लेखिकेला आधी ठाऊक असते तरी ते पुरेसे नसते, तिला त्या वर्षी त्या झाडापाशी जावेच लागते. पाने कोणत्या क्रमाने फुटली हे झाड ठरवते. लेखिकेची मर्जी तिथे चालत नाही.

छायाचित्रकलेच्या इतिहासातही हा फरक दाखवता येतो. अमेरिकेत १९३५नंतर, महामंदीच्या काळात, शेतकऱ्यांच्या पुनर्वसनासाठी काढलेल्या सरकारी खात्यात रॉय स्ट्रायकर नावाचा एक गृहस्थ छायाचित्रकारांचा प्रमुख होता. (हे खाते १९३७पासून 'फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन' म्हणून ओळखले जाऊ लागले.) तो आपल्या लोकांना गावोगाव पाठवताना विषयांच्या याद्या देत असे. १९३६ साली 'मिडलटाउन' या ग्रंथाचे सहलेखक, समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट लिंड यांच्याशी झालेल्या चर्चेनंतर त्याने केलेली यादी प्रसिद्ध आहे. लोक संध्याकाळी घरी काय करतात, ते कुठे भेटतात, भिंतींवर काय लावतात, अशा धर्तीच्या चौकशा तीत होत्या. इंग्लंडमध्ये १९३७ साली सुरू झालेल्या 'मास ऑब्झर्व्हेशन' या लोकनिरीक्षणाच्या चळवळीने तर आपल्या स्वयंसेवकांना शेकोटीवरच्या फळीवर काय काय ठेवले आहे ते डावीकडून उजवीकडे क्रमाने लिहून पाठवायला सांगितले होते. वाचकांनी 'प्रतीक्षा' आणि 'फळीवर डावीकडून उजवीकडे काय आहे' हे दोन विषय शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. दुसऱ्यात काव्य नाही, आणि म्हणूनच उत्तर देणाऱ्याला उठून फळीपाशी जाणे भाग आहे.

अर्थात स्ट्रायकरला संत करण्याची आमची इच्छा नाही. आपल्या यादीत न बसणाऱ्या किंवा आपल्याला न आवडलेल्या निगेटिव्ह तो सरळ पंचने भोक पाडून बाद करी. छायाचित्रकार संतापत, तरी काही वर्षे हे चालले. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने त्या भोक पडलेल्या निगेटिव्ह जपून ठेवल्या आहेत. आज त्यांचे मुद्रण पाहिले तर शेतकऱ्याच्या चेहऱ्यावर किंवा आकाशात एक काळी वाटोळी चकती दिसते. विषय देणाऱ्याचा हात असा छायाचित्रात उमटलेला आम्ही दुसरीकडे पाहिला नाही.

आणि त्याच खात्याचे सर्वांत गाजलेले छायाचित्र? मार्च १९३६मध्ये डोरोथिया लँग महिनाभराचे काम उरकून, पावसात, गाडीने घरी निघाली होती. वाटाणे तोडणाऱ्या मजुरांच्या छावणीची पाटी तिला रस्त्यात दिसली, आणि ती न थांबता पुढे गेली. काम झाले होते, डबे भरलेले होते. वीसेक मैल गेल्यावर ती मागे वळली. पुढे 'मायग्रंट मदर' म्हणून जगभर गेलेले छायाचित्र त्या वळण्यातून आले. विषय संपल्यानंतरच्या वीस मैलांचे काय करायचे, हे कोणत्याही यादीत नसते. त्या छायाचित्रातल्या बाईचे, फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन यांचे, नाव जगाला कळायला मात्र १९७८ साल उजाडावे लागले, आणि आपल्याला त्यातून एक पैसाही मिळाला नाही ही त्यांची तक्रार होती.

ही तक्रार आम्हांला फार जवळची वाटते, कारण आठवड्याच्या विषयांत 'हात' हा एक लाडका विषय असतो. हात म्हणजे कोणाचे? आपले नव्हेत. कुंभाराचे, मोचीचे, भाजीवालीचे, आपल्या घरी भांडी घासणाऱ्या मावशींचे. मावशींना सांगितले जाते, 'जरा असेच थांबा हं.' त्या थांबतात, कारण न थांबण्याची सोय नसते. छायाचित्रात भेगा सुरेख येतात, नाव येत नाही, पगार येत नाही, आणि पुढच्या सोमवारी विषय 'दरवाजे' असतो. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांची छायाचित्रे वर्षानुवर्षे काढली. गटारात उतरलेला माणूस तिथेही आहे. पण तो 'श्रम' या संज्ञेचे उदाहरण म्हणून उभा नाही. कामाची पाळी, घर, दारू, आजार, मृत्यू या सगळ्यासकट तो तिथे आहे, कारण छायाचित्रकार दुसऱ्या आठवड्यातही तिथेच होता. सातच दिवस टिकणाऱ्या कुतूहलाला आम्ही कुतूहल म्हणायला तयार नाही.

तर मग रोजच्या जगण्याची खरी छायाचित्रे आपल्याकडे कधी निघाली? आमचे उत्तर काहीसे हास्यास्पद वाटेल : रोल संपवण्यासाठी.

ज्यांनी छत्तीस फोटोंच्या रोलचे दिवस पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. घरात कॅमेरा असलाच तर तो कपाटात, कपड्यांच्या घडीखाली असे. मुंज, सत्यनारायण, गणपती, अष्टविनायकाची सहल यांत रोलमधले तीसेक फोटो खर्ची पडत. उरलेले पाचसहा कॅमेऱ्यात अडकून राहत, कधीकधी सहासहा महिने. मुंजीचे फोटो तर सगळ्यांना हवे असत. शेवटी वडील एखाद्या रविवारी म्हणत, 'उगाच कशाला अडवून ठेवायचा, संपवून टाका रोल.' मग कॅमेरा घरातल्या घरात फिरे. दारातली लूना निघे. उंबऱ्यावर झोपलेले मांजर निघे. तुळशीवृंदावन निघे. आई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर येई आणि म्हणे, 'अरे थांब, ही काय साडी आहे का फोटोची?' तोवर बटण दाबलेले असे.

आज आमच्या घरचा अल्बम उघडला की मुंजीचे फोटो भराभर उलटले जातात. सगळ्या मुंजी सारख्याच. थबकायला होते ते शेवटच्या पानावर. आईच्या मागे ओट्यावर वातींचा स्टोव्ह दिसतो. तो कधी गेला ते आठवत नाही. भिंतीवर रॉकेलच्या धुराचा पट्टा आहे. आईच्या मनगटाला भाजल्याची खूण आहे, जी मुंजीच्या फोटोत बांगड्यांनी झाकली होती. बार्थने 'कॅमेरा ल्यूसिडा'त (मूळ फ्रेंच पुस्तक १९८०चे) 'स्टुडियम' आणि 'पंक्टम' असा जो भेद केला तो आपण वर्गात शिकवतो. त्याच भाषेत बोलायचे तर विषय देऊन स्टुडियम मागवता येते. टोचणारा तपशील मागवता येत नाही, कारण तो काढणाऱ्याच्याही लक्षात आलेला नसतो. त्या शेवटच्या पाच फोटोंना विषय नव्हता, हेतू होता, आणि तोही अगदी व्यावहारिक : रोल संपवायचा आणि स्टुडिओत द्यायचा.

रोल गेले, पण ही जात नाहीशी झालेली नाही. आता ती मोबाइलमध्ये आहे आणि तिला कुणी छायाचित्र म्हणत नाही. औषधाची चिठ्ठी, मीटरचा आकडा, शिंप्याला दाखवायचा ब्लाउजचा गळा, किराणा दुकानातून घरी विचारलेला 'हीच डाळ ना?', बसच्या पाटीवरच्या वेळा. आम्ही आमच्याच चुकीकडे आता येतो.

एका महाविद्यालयात आम्ही अशाच उपक्रमाचे परीक्षक होतो. विषय होता, अर्थातच, 'प्रतीक्षा'. बाक आले, रूळ आले, खिडक्या आल्या. त्यांत एका विद्यार्थिनीने पाठवलेला 'कालनिर्णय'च्या एका पानाचा फोटो होता. थोडा तिरपा, वर ट्यूबलाइटचा पांढरा डाग. तारखांच्या चौकोनांत नेहमीचे हिशेब : दूध दीड, दूध एक, 'गॅस लावला', 'बाई नाही'. आम्ही तो पाच सेकंद पाहिला असेल. शेरा लिहिला, 'विषयाशी संबंध स्पष्ट होत नाही.' आमचा पंच चालला.

महिन्याभराने ती दुसऱ्याच कामासाठी भेटली तेव्हा आम्ही सहज विचारले. ती म्हणाली, 'सर, तो फोटो मी उपक्रमासाठी काढलाच नव्हता. आई दवाखान्यात होती. दूधवाले पैसे मागायला आले, तर आईने लिहिलेले दीड की अडीच ते मला कळेना. म्हणून तिला पाठवला होता.' आम्ही तो फोटो पुन्हा काढून पाहिला. अकरा तारखेपर्यंत एक अक्षर होते, बारीक, डावीकडे झुकलेले. त्यानंतर नऊ चौकोन कोरे. मग पुन्हा 'दूध एक', पण मोठ्या, जपून काढलेल्या, दुसऱ्याच हाताच्या अक्षरात. हे सगळे तेव्हाही फोटोत होते. आम्ही बाक शोधत होतो म्हणून आम्हांला कॅलेंडर दिसले नाही, आणि आम्ही तर मराठी वाचायला शिकवणारे!

यावर आमच्या एका मित्राने आक्षेप घेतला आहे. तो म्हणतो, विषय 'प्रतीक्षा' नसता, तर तो फोटो तिच्या मोबाइलमध्येच राहिला असता. विषयामुळेच तिला कळले, की आपल्यापाशी असे काही आहे. हा आक्षेप आम्हांला पूर्णपणे खोडता येत नाही. मात्र त्यातून निघते ते हे, की विषयाचे काम फोटो काढण्याआधीचे नसून नंतरचे असावे. तो आठवड्याच्या शिकारीचे सावज म्हणून देऊ नये. जे आधीच, दुसऱ्याच कामासाठी टिपले गेले आहे ते उलटून वाचायला लावणारा प्रश्न म्हणून द्यावा.

म्हणून येत्या सत्रात आम्ही निराळी मागणी करणार आहोत. नवा फोटो काढायचा नाही. मोबाइलमध्ये मागे जायचे आणि यांतले एक शोधायचे : कुणाला तरी काही विचारण्यासाठी पाठवलेला फोटो, ज्यात आता घरात नसलेली एखादी वस्तू मागे दिसते आहे असा फोटो, पुसून टाकायचा राहून गेलेला फोटो. त्याखाली दहा ओळी लिहायच्या : कुठे, केव्हा, कशासाठी, आणि काढताना न दिसलेले आता काय दिसते. दुसऱ्या कुणाचा चेहरा असेल तर त्याला विचारून. विभागाच्या बैठकीत हा प्रस्ताव मांडला तेव्हा फारसा विरोध झाला नाही. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी फक्त विचारले, 'ते सगळे ठीक आहे, पण याला गुण कशावर द्यायचे?' बैठक तिथेच थांबली आहे.